‘आकड्यांनी वाद मिटला’ म्हणणाऱ्या मेसेजला एका टायरवाल्याचं उत्तर

चवथीच्या आधीपासून एक मेसेज फिरतोय. आधी तो आमच्या फोंड्याच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचवर, मग मेहुण्याकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘महागड्या स्पोर्ट्स सेडानमध्ये श्रेष्ठ कोण, हा वाद आकड्यांनी कायमचा मिटवला आहे. एक, शून्य ते शंभर जी कमी सेकंदांत गाठते तीच वरचढ. टेस्ला प्लेड १.९९, नवी बीएमडब्ल्यू एम५ ३.५, जुन्या सगळ्या मागे. दोन, ७२७ हॉर्सपॉवरची नवी एम५ ही आजवरची सर्वांत वेगवान एम५. तीन, मर्सिडीजची एएमजी सी६३ आता चार सिलिंडरवर ६८० देते, तेव्हा आठ सिलिंडरच्या व्ही८ साठी रडणारे अडाणी. चार, जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरची वेळ हाच शेवटचा निकाल. पाच, गोव्यात असल्या गाड्या म्हणजे नुसता कळंगुटचा शो.’ खाली ट्रॅकच्या वेळांचा एक तक्ता, चार रॉकेटं आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. माझं फर्मागुडीच्या बाजूला टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. असली गाडी घेण्याची माझी ऐपत नाही, पण त्यांची चाकं माझ्या हाताखालून जातात. कोणाचा टायर आतल्या बाजूने झिजलाय, कोणाची रिम वाकलीय, कोणाची डिस्क निळी पडलीय हे मालकाच्या आधी मला कळतं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा यातलं काही हाताळलेलं नाही.

पहिला मुद्दा, शून्य ते शंभर. १.९९ आणि ३.५ हे आकडे एकाच रकान्यात बसतच नाहीत. टेस्लाचा आकडा शून्य ते ताशी ६० मैलांचा आहे, म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटरचा. शिवाय त्यात अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपची एक पद्धत आहे, गाडी पहिला फूटभर पुढे सरकली की मग घड्याळ सुरू करायची. त्या फूटभरात दोन-तीन दशांश सेकंद सहज निघून जातात. जर्मन कंपन्या शून्यापासून पूर्ण शंभरापर्यंत मोजतात. एकाने गज घेऊन मोजायचं आणि दुसऱ्याने मीटर, आणि मग कोणाचं कापड लांब यावर भांडायचं, अशातला हा प्रकार.

मोजमाप सारखं केलं तरी एक अडचण उरतेच, आणि ती माझ्या धंद्यातली आहे. इंजिन कितीही ताकदीचं असलं तरी रस्त्याला धरतो तो टायर. साधारण रस्त्याचा चांगला टायर गाडीच्या वजनाइतकाच जोर रस्त्यावर लावू शकतो असं धरलं, तर शून्यापासून शंभर गाठायला कमीत कमी २.८ सेकंद लागतात. त्याखाली जायचं तर रबर जास्त चिकट हवं आणि रस्ताही खास तयार केलेला हवा. म्हणजे तीन सेकंदांच्या आसपास पोचल्यावर तुम्ही इंजिनांची नव्हे, टायरांची तुलना करत असता. आणि हे सगळं कोरड्या डांबरावर. आमच्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा असतो तरी किती? ओल्या रस्त्यावर पकड बरीच कमी होते, तेव्हा ६०० आणि ७०० पीएस (ताकदीचं जर्मन माप) यांतला फरक फक्त विम्याच्या हप्त्यात जाणवतो.

सेडानवाल्याला खरा जोर कुठे लागतो? धारबांदोड्याच्या पुढे खनिजाचा टिपर समोर आहे, वेग चाळीस, पुढे तीनशे मीटर मोकळे दिसताहेत, तिथे. चाळीसवरून ऐंशीला किती लवकर आणि किती शांतपणे जाता येतं, त्यावर जीव आणि मूड दोन्ही अवलंबून असतात. तो आकडा मेसेजमध्ये नाही. ब्रेकचाही नाही. थांबण्याचे सेकंद पुढे पाठवणारा मला अजून भेटलेला नाही.

दुसरा मुद्दा, नवी एम५. इथे मेसेज सरळ चुकलाय. २०२४ ची एम५, कंपनीच्या भाषेत जी९०, तिची ताकद ७२७ पीएस आहे. पीएस म्हणजे आपल्या नेहमीच्या हॉर्सपॉवरपेक्षा किंचित लहान माप, त्यामुळे हॉर्सपॉवरमध्ये ती ७१७ होते. ही चूक लहान आहे, सोडून देऊ. गंमत पुढे आहे. या गाडीला शंभर गाठायला कंपनीच्याच आकड्यांनुसार ३.५ सेकंद लागतात. हिच्या आधीची एफ९० एम५ कॉम्पिटिशन ६२५ पीएसची होती आणि ती ३.३ सेकंदांत शंभरावर जायची. तिच्याच ६३५ पीएसच्या सीएस आवृत्तीला लागायचे ३ सेकंद. शंभर पीएस जास्त आणि गाडी हळू! हे कसं झालं?

वजनामुळे. नवी एम५ प्लग-इन हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोलवरही चालणारी आणि चार्जिंगलाही लावता येणारी. ४.४ लिटरचं व्ही८ इंजिन, शिवाय १९७ पीएसची मोटर, शिवाय १८.६ युनिट वापरता येतील एवढी बॅटरी. चालकाचं वजन धरणाऱ्या युरोपीय मोजणीत ती २,५१० किलो भरते. आधीची त्याच मोजणीत १,९४० च्या आसपास होती. फरक पावणेसहाशे किलोंचा. आपली जुनी मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोंची असायची. म्हणजे डिकीत जवळजवळ एक मारुती घालून फिरायचं. भागाकार करून पाहा: आधीच्या गाडीत दर टनामागे ३२२ पीएस, नव्या गाडीत २९०. वरून टोला असा, की पूर्ण इलेक्ट्रिक पोर्शे टायकान टर्बो एस, जिच्या पोटात नुसती बॅटरीच आहे, तीसुद्धा या पेट्रोल एम५ पेक्षा शंभरेक किलोंनी हलकी आहे.

वजन फक्त पळण्यात आडवं येत नाही. शंभरच्या वेगात असलेली गाडी थांबवताना ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती वजनाच्या पटीत वाढते. इथे ती जवळजवळ तीस टक्के जास्त. ती जाते डिस्कमध्ये, पॅडमध्ये आणि टायरच्या खांद्यात. एवढ्या वजनाची गाडी कंपनी वळणावर कशी आवरते याचं मला कौतुकच आहे, मागची चाकंही वळतात, सस्पेन्शन क्षणाक्षणाला स्वतःला बदलतं. पण आवरावं लागतं, हेही त्यातच आलं.

नव्या गाडीची बाजूही सांगतो. बॅटरीवर ती सदुसष्टेक किलोमीटर पेट्रोलचा थेंब न जाळता जाते. फोंड्याहून पणजीला जाऊन परत यायला एवढं पुरतं, आणि पहाटे सहाला वाड्यावरच्या एका कुत्र्यालाही जाग येत नाही. शेजारधर्म म्हणून हा गुण मोठा आहे. मेसेजमध्ये मात्र त्याचा उल्लेख नाही, कारण तो सेकंदांत मोजता येत नाही.

तिसरा मुद्दा मला जास्त लागला, कारण त्यात माणसांना अडाणी म्हटलंय.

नव्या सी६३ मधलं दोन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन एकटं ४७६ पीएस देतं. इतक्या लहान इंजिनातून एवढी ताकद काढणं हे इंजिनिअरिंगचं मोठं काम आहे, त्यावर वाद नाही. मागच्या चाकांना २०४ पीएसची मोटर आहे, दोन्ही मिळून ६८०. शून्य ते शंभर ३.४ सेकंद. जुन्या चार लिटरच्या व्ही८ सेडानला सुमारे ४ लागायचे. म्हणजे कागदावर नवी जिंकली. पण मेसेजने बारीक अक्षरं वाचलेली नाहीत. ती मोटर २०४ पीएस देते ते एका वेळी दहा सेकंद, सलग चालवली तर ९५. बॅटरी जेमतेम सहा युनिटांची. गाडी जुनीपेक्षा साडेतीनशेहून जास्त किलोंनी जड. ६८० हा आकडा खोटा नाही, पण तो पाहुण्यासारखा आहे, येतो आणि जातो.

तरीही माझं म्हणणं याहून साधं आहे. हे सी६३ नाव माणसाने कशासाठी घेतलं होतं? मधल्या आकाराच्या, शहाण्यासारख्या दिसणाऱ्या सेडानमध्ये नको इतकं मोठं इंजिन आहे, या खोडसाळपणासाठी. ही मस्ती जुनी आहे. १९९० च्या सुमारास मर्सिडीजने ५०० ई आणली. दिसायला जवळजवळ त्या काळची साधी मर्सिडीज सेडान, डब्ल्यू१२४, आत पाच लिटरचं व्ही८. रुंद केलेले मडगार्ड नेहमीच्या कारखान्याच्या लाइनवर मावेनात, म्हणून बॉडी जोडायचं काम पोर्शेच्या कारखान्यात झालं. ओळखणाऱ्याने ओळखावी, बाकीच्यांनी टॅक्सी समजावी, हीच तिची ऐट. अशा गाडीचा चाहता चार सिलिंडर ऐकून हळहळला तर त्याला गणित येत नाही असं नाही. त्याला हवं असलेलं त्या गणितात नाही. आपण मडगावला जाऊन माशांच्या कढीऐवजी तेवढ्याच प्रोटीनची पावडर आणत नाही, त्याला कोणी अडाणी म्हणतं का?

याच रांगेत १९९८ ते २००३ ची एम५ येते, ई३९. ४०० पीएस, शंभरला ५.३ सेकंद. आज एखादी घरगुती इलेक्ट्रिक गाडीही त्याच्या आसपास जाते. गिअर हातानेच टाकायचे, ऑटोमॅटिक मिळतच नसे. स्टिअरिंगला रॅक-पिनियनही नव्हतं, व्ही८ च्या शेजारी जागा नव्हती म्हणून जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स. कागदावर सगळ्यात दुबळी बाजू हीच. पण आठ सिलिंडरना आठ वेगळे थ्रॉटल, म्हणजे हवेच्या झडपा, टर्बो नाही, पाय दाबला तेवढंच आणि लगेच. जगभरातले एम५ वाले आजही हिचं नाव काढलं की आवाज खाली आणतात. मेसेजच्या रकान्यात ती शेवटून पहिली येईल.

(याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं, असाही नाही. हिच्यानंतरच्या ई६० एम५ मध्ये पाच लिटरचं व्ही१० होतं, मिनिटाला ८,२५० फेऱ्यांपर्यंत ओरडणारं. पण तिचा एसएमजी हा अर्धवट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हापशाच्या बाजारातल्या गर्दीत चालवलात तर धक्क्यांनी मानेला पट्टा लागेल.)

चौथा मुद्दा, न्युर्बुर्गरिंग. इथे मी फार थांबत नाही. २०१९ पासून तिथली अधिकृत फेरी २०.८३२ किलोमीटरची धरतात. त्याआधी सुरुवातीच्या सरळ रस्त्याचा तुकडा सोडून २०.६ मोजायचे. पोर्शे पानामेरा टर्बो एस ची २०२० ची एकच फेरी नव्या मापाने ७ मिनिटं २९.८१ आणि जुन्या मापाने ७ मिनिटं २५.०४. जवळजवळ पाच सेकंद नुसत्या फूटपट्टीचे. मेसेजमधला तक्ता जुने-नवे आकडे एकाखाली एक मांडतो. टायकान टर्बो जीटी ने ७ मिनिटं ०७.५५ ची वेळ दिली ती गाडी हलकी करणारं वायसाख पॅकेज लावून, आणि त्या पॅकेजमध्ये मागची सीटच नसते. चार दारांची गाडी, मागे बसायला कोणी नाही. मागच्या दारातून काय पोटल्या ठेवायच्या?

त्या ट्रॅकवरचे आकडे नीट वाचले तर मेसेजच्या विरुद्धच जातात. २०१६ मध्ये अल्फा रोमिओ जुलियाने ५१० पीएसवर, फक्त मागच्या चाकांच्या जोरावर ७ मिनिटं ३२ ची फेरी मारली. त्याच वर्षी ५५० पीएसच्या, चारही चाकं ओढणाऱ्या पानामेरा टर्बोला ७ मिनिटं ३८ लागले. जुलिया कित्येकशे किलोंनी हलकी होती. आणि हो, तिच्या पायात अगदी चिकट टायर होते. ते मी सांगितलं नसतं तर माझाच धंदा मला रागावला असता.

राहिला कळंगुट. शनिवारी संध्याकाळी तिकडे जो आवाज चालतो त्याचा बचाव मी करणार नाही. पण त्यावरून गोव्यात अशा गाडीला काम नाही म्हणणं म्हणजे गोवा फक्त किनाऱ्यावर पाहिल्यासारखं आहे. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत आपला हायवे दीडशे किलोमीटरच्या आत संपतो. म्हणून इलेक्ट्रिक सेडानवाल्याला इथे रेंजची जी काळजी दिल्लीवाल्याला असते ती नाही. रात्री घरी लावली की सकाळी काणकोणला जाऊन येता येतं. आणि पेट्रोलवाल्याला घाट आहेत, चोर्ला, अनमोड, करमल. हे रस्ते ताकदीचे नाहीत. तोल, ब्रेक आणि नजर यांचे आहेत.

माझं एक गिऱ्हाईक आहे, जुन्या व्ही८ सी६३ वालं. गेल्या महिन्यात चारही टायर नवे घातले, अलाइनमेंट केलं, तेव्हा म्हणाला, ‘चल पात्रांव, मोलेपर्यंत बघून येऊ.’ पहाटे निघालो. पाऊस नुकताच थांबला होता, झाडांवरून थेंब पडत होते. खांडेपारपर्यंत मी हवेच्या आणि वळणांच्या आवाजाकडेच कान देऊन होतो, कुठे गुणगुणतंय का, कुठे ओढतंय का. काही नव्हतं. मोल्याच्या पुढे चढ सुरू झाल्यावर त्याने गिअर खाली टाकला, एकदाच, आणि तो आवाज झाडीतून फिरून परत आमच्याकडे आला. दोघेही काही बोललो नाही. काटा ऐंशीच्या वर गेला नसेल.

दुकानात परत आल्यावर टायर गरम असतानाच हवा मोजली. मागच्या दोन्हींत तीन-तीन पौंडांनी चढली होती, हवी तशी. तो चहा घेऊन गेला आणि दुपारी त्याच्याकडून फोनवर तोच मेसेज आला, माझ्याकडे चौथ्यांदा. खाली त्याने कोकणीत विचारलं होतं, हे लिहिलं कोणी: ‘हें कोणें बरयलां?’