घरून मत देऊ नका, साहेब!

साहेब, पुढची साथ आली की कुणीतरी दीडशहाणा म्हणणारच, ‘आमदारांना घरूनच मतदान करू द्या.’ तेव्हा काय बोलायचं ते आत्ताच पाठ करून ठेवा.

सुरुवात राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ पासून करा. बहुमत मोजायचं ते ‘उपस्थित असलेल्या आणि मतदान करणाऱ्या’ सदस्यांचं. मग नाशिकच्या गंगापूर रोडच्या बंगल्यात बसलेला माणूस मुंबईत उपस्थित कसा? मुद्दा खरोखर वजनदार आहे. फक्त अनुच्छेद पुढे वाचू नका. त्यातच गणसंख्या, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, एकदशांश लिहिली आहे, म्हणजे २८८ पैकी २९. बाकीचे २५९ कुठे होते, असं कुणी विचारायला नको.

मग परदेश काढा. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेनच्या एका विरोधी खासदाराने आजारपणामुळे घरून मत दिलं, ते चुकून सरकारच्या बाजूने पडलं आणि कामगार कायद्यातली सुधारणा १७५ विरुद्ध १७४ अशी मंजूर झाली. हे चांगलं रंगवून सांगा. पण त्याची चूक लोकांना कळली, कारण मत नावानिशी नोंदलं गेलं होतं, एवढं मात्र गिळून टाका. ब्रिटनचं नाव तर काढूच नका. तिथे मे २०२० मध्ये खासदार घरबसल्या मत देत होते. सरकारने ते बंद केलं आणि जूनमध्ये तेच खासदार अंतर राखून लांबलचक रांगेत उभे राहिले.

घरून मत म्हणजे फोनवरचं ॲप आणि ओटीपी. खरी भानगड त्या ओटीपीची. फोन आमदाराचा, पण बोट कुणाचं? आज सरकार डळमळलं की आमदारांना बसमध्ये घालून हॉटेलात कोंडावं लागतं. उद्या इगतपुरीच्या एखाद्या रिसॉर्टवर एक पिशवी पुरेल, चाळीस फोन मावतील एवढी. हा आक्षेप बिनतोड आहे, पण जोरात मांडू नका, नाहीतर कुणीतरी उपाय सुचवेल. उपाय फार स्वस्त आहे: ॲप नको, ओटीपी नको. नाव पुकारायचं, कॅमेरा चालू, सदस्याने तोंडाने ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, सचिवालयाने नोंद वाचून दाखवायची आणि निकालाआधी चूक सुधारायची संधी द्यायची. रेंज गेलेल्यांची नावं शेवटी पुन्हा पुकारायची. माणशी दहा सेकंद धरले तर २८८ जणांना ४८ मिनिटं. ‘सभागृहाच्या मौल्यवान वेळेचा अपव्यय’ म्हणून तुटून पडा. दबाव मात्र यानेही पुरता जात नाही. कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे, ते दिसत नाहीच.

तुमच्या सोयीचं आहे ते आवाजी मतदान. ‘होयचे बहुमत, होयचे बहुमत’, विधेयक मंजूर. सिडकोतला किंवा देवळालीतला मतदार कितीही शोधो, तुमचं मत त्याला सापडणार नाही. कुणी पोल, म्हणजे नावानिशी मतनोंद, मागितला तरच पंचाईत, म्हणून मागणाऱ्याला आधीच चहाला न्या.

यावर ताण पाहायची तर आपली नाशिक महापालिका बघा. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि राजीव गांधी भवनातल्या नगरसेवकांच्या १२२ खुर्च्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. साथ नव्हती, म्यूट नव्हतं, रेंजची कटकट नव्हती. अंदाजपत्रकालाही प्रशासकांची सही पुरली.

आणि मतदाराने गाठलंच, ‘साहेब, त्या विधेयकावर तुमचं मत काय पडलं?’, तर सांगा, गाडी कसारा घाटात होती.