एकच सॉफ्टवेअर टाकायचं होतं हो!

परवा हौसेनं कॉम्प्युटरवरचं लिनक्सचं डिस्ट्रो (लिनक्सचा एक अवतार) पेनड्राइव्हवरून बदललं. सॉफ्टवेअर टाकायला सवयीनं 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' ही कमांड मारली. उत्तर काय? कमांड नॉट फाउंड! प्रत्येक डिस्ट्रोचं सॉफ्टवेअर टाकायचं साधन वेगळं : डेबियन-उबुंटूत ॲप्ट, फेडोरात डीएनएफ, आर्चमध्ये पॅकमॅन, ओपनसूझमध्ये झिपर. बारा कोसांवर भाषा बदलते हे ऐकून होतो, इथे तर दर पेनड्राइव्हला बदलते!

बरं, कमांड शिकलो. पॅकेजचं नाव तरी तेच ठेवाल की नाही? 'पायथन३-डेव्ह' (कोडपासून सॉफ्टवेअर बनवताना, म्हणजे कंपाइल करताना लागणारं पॅकेज) सापडेना. का? तर इकडे त्याला 'डेव्हेल' म्हणतात. डेव्हेल! शेवटच्या दोन अक्षरांपायी माझा अख्खा रविवार गेला. (जेवण गार झालं ते वेगळंच.)

मग या गोंधळावर उपाय म्हणून, कुठल्याही डिस्ट्रोवर चालावीत अशी पॅकेजं काय काढली? फ्लॅटपॅक. आणि स्नॅप. आणि ॲपइमेज. वा! चार जणांचं भांडण सोडवायला आणखी तिघं आले, आणि तिघांच्या तीन तऱ्हा. एवढंसं कॅल्क्युलेटर टाकावं, तर सोबत शेकडो एमबींचं रनटाइम (ॲप चालायला लागणारा फायलींचा पसारा). नवरदेव एक, वऱ्हाड तीन बस!

वर जाणकार मित्राचा सल्ला : "त्यात काय, सोर्समधून (मूळ कोडमधून) कंपाइल कर." अरे बाबा, कंपाइल करायलाच तर ते डेव्हेल हवं होतं ना!