मच्छरदाण्यांनी मासे धरणाऱ्या आफ्रिकेचा मेसेज : जरा थांबा, हे वाचा

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. पाण्यात मच्छरदाणी पसरून उभा असलेला एक माणूस आणि खाली लिहिलेलं, "आफ्रिकेत कोट्यवधी मच्छरदाण्या फुकट वाटल्या, लोकांनी त्यांची मासे धरायची जाळी केली. फुकटच्या वस्तूची किंमत नसते. अडाणी लोकांना शिकवून उपयोग नाही, आता मलेरियाची लस आलीये ती टोचा आणि मोकळे व्हा." शिकलेली माणसं हे पुढे पाठवतायत याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून एकेक घेते.

आधी मासे. हे खोटं नाहीये. झांबियात बांगवेउलू तलावाकाठी मासे धरायला, केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या गावांत मासे वाळवायला मच्छरदाण्या वापरल्या गेल्यात. पण ती पाण्याकाठची गावं, जिथे पोटच माशांवर चालतं, तिथला फोटो अख्ख्या खंडाला कसा लावता? सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांतले घरोघरचे सर्व्हे बघा, ज्यांच्या वाट्याला घरात मच्छरदाणी येते अशा 10 जणांतले साधारण 8 जण आदल्या रात्री तिच्याखाली झोपलेले सापडतात. आणि ही मच्छरदाणी 3 वर्षं टिकेल अशा हिशोबाने बनवतात, त्यानंतर फाटलेली कोणी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली तर तो गैरवापर नाही. 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेत वेगवेगळ्या उपायांनी मलेरियाच्या अंदाजे 66 कोटी केसेस टळल्या, त्यातल्या 68 टक्के मच्छरदाण्यांमुळे, हा हिशोब 2015 मध्ये छापून आलाय.

"फुकटची किंमत नसते" हे तर पश्चिम केनियात प्रत्यक्ष तपासून झालंय. गरोदर बायकांच्या दवाखान्यांत काही ठिकाणी मच्छरदाणी फुकट दिली, काही ठिकाणी थोडे पैसे लावले. 60 अमेरिकी सेंट किंमत लावल्याबरोबर घेणाऱ्या बायका दर 100 मागे 60 ने घटल्या, आणि ज्यांनी पैसे मोजले त्यांनी ती फुकटवाल्यांपेक्षा जास्त वापरली असंही दिसलं नाही. म्हणजे किंमत लावून काय झालं तर गरोदर बाई मच्छरदाणीशिवाय घरी गेली, बस.

आता "अडाणी" हा शब्द, याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. टांझानियात लहान मुलाला तापात झटके आले की त्याला स्वाहिलीत देगेदेगे म्हणतात, आणि बऱ्याच लोकांच्या मते हा वेगळाच आजार, बाहेरच्या बाधेचा. मलेरिया म्हणजे साधा ताप, त्याला दवाखान्याची गोळी, आणि देगेदेगेला गावातला वैदू. आता विचार करा, "मलेरिया डासामुळे होतो" हे त्या आईला तोंडपाठ असेल, पोस्टर तिने दहादा वाचलं असेल, तरी पोराला झटके आल्यावर ती आधी वैदूकडेच पळणार कारण तिच्या लेखी हा मलेरियाच नाही, आणि मेंदूत चढलेल्या मलेरियात काही तास वाया गेले तरी मूल जाऊ शकतं. चूक तिची का पोस्टरची? देगेदेगे हा शब्द उच्चारून, हाही मलेरियाच असू शकतो असं कोणीतरी तिला तिच्या भाषेत सांगायला पाहिजे ना! मच्छरदाणीचंही तसंच, उकाड्यात आत जीव घुसमटतो, कोरड्या दिवसांत डास दिसत नाहीत म्हणून ती गुंडाळून ठेवतात, नवी कोरी लावली तर जाळीला लावलेल्या डास मारायच्या औषधाने अंगाला खाज सुटते. एक दिवस सावलीत वाळत घाल मग लाव, एवढं शेजारणीने सांगितलं तरी काम होतं.

आणि शिकवून उपयोग नाही म्हणता, तर इथिओपियातलं तिग्राय घ्या. 1990 च्या दशकात तिथे गावातल्याच काही आयांना तयार केलं, त्यांनी इतर आयांना मुलाच्या तापाची लक्षणं ओळखायला आणि घरीच लगेच क्लोरोक्विन द्यायला शिकवलं (मलेरियावर तेव्हा तेच औषध होतं). जिथे हे केलं तिथे 5 वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू इतर गावांपेक्षा 40 टक्के कमी झाले. डॉक्टर वाढवले नव्हते, आयांनी आयांना शिकवलं होतं. पुढे 2003 पासून इथिओपियाने गावोगावी हजारो आरोग्यसेविका नेमल्या, बहुतेक सगळ्या त्याच भागातल्या मुली, वर्षभराचं ट्रेनिंग घेतलेल्या.

राहता राहिली लस. आर-21 लस आपल्या पुण्यात सीरममध्ये बनते, याचा मलाही अभिमान आहे. पण तिचे 4 डोस आहेत, पहिले 3 महिन्या-महिन्याच्या अंतराने आणि चौथा त्यानंतर साधारण वर्षाने. तोवर मूल चालायला लागलेलं असतं, आईच्या मागे शेतीचं काम, दवाखाना लांब, आणि पोरगं ठणठणीत दिसतंय, मग परत कशाला जायचं असं तिला वाटणारच. चौथ्या डोसला तिला बोलावून आणणारी कोणीतरी गावातलीच लागते, आणि लस घेतली तरी रात्री मच्छरदाणी लाव हेही आईला त्याच गावातल्या बाईने सांगावं लागतं.