आईचं गोंदण

आत्ताच स्टुडिओतून आले. डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा आज शुद्धलेखन कुणी काढू नका.

रविवारी आईचं वर्षश्राद्ध. भिंतीवर लावायला तिचा फोटो मोठा करायला टाकला होता. काउंटरवरच्या पोरानं कौतुकानं फ्रेम पुढे सरकवली. "ताई, काकूंचा फेस मस्त क्लीन करून दिलाय." बघते तर आई गोरीपान! गालांवर गुलाबी झाक. आणि कपाळावरचं गोंदण गायब. भुवयांच्या मधले तीन ठिपके, हनुवटीवरचा एक, सगळं साफ. "ते डाग होते ना, ताई?"

डाग!

सात वर्षांची असताना जत्रेत आजीच्या मांडीवर बोंबलत गोंदवून घेतलेलं ते. सांगताना दर वेळी हसायची. ताप आला की आम्ही भावंडं तिच्या कुशीत पडून हनुवटीवरच्या ठिपक्यावर बोट ठेवून झोपायचो.

भाऊ म्हणतो, असू दे गं, चांगली दिसतेय. चांगली? मग आधी कशी दिसायची?

तिथं उभ्या उभ्या मला दक्षिण आफ्रिकेतले फोटोग्राफर झानेले मुहोली आठवले. मागे मी इथंच त्यांनी स्वतःचाच काढलेला एक फोटो टाकला होता, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. कृष्णधवल, डोक्यावर मुकुटासारखे कपडे वाळत घालायचे चिमटे, कानांतही चिमटेच. 2015 साली काढलेला, नाव 'बेस्टर १'. बेस्टर हे मुहोलींच्या आईचं नाव. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळापासून ती बाई चाळीसहून जास्त वर्षं एका गोऱ्या कुटुंबाकडे घरकाम करत होती. लेकरानं आईच्या कामातले चिमटे उचलले आणि त्यांचा साज करून स्वतःच्या अंगावर चढवला. (मुहोली स्वतःला ना बाई म्हणवून घेत ना बुवा, म्हणून लेकरू.)

माझ्या आईनंही जन्मभर चार घरची धुणीभांडीच केली. बहात्तरच्या दुष्काळात ती पुण्यात आली, आणि त्याच साली मुहोलींचा जन्म, डरबनजवळच्या उमलाझीत. योगायोगच, पण तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमच्या चाळीच्या गच्चीवरची दोरी दिसली होती.

तो फोटो ज्या मालिकेतला, तिच्यात मुहोली कॅमेरा स्वतःवर रोखतात आणि नंतर फोटोतला कॉन्ट्रास्ट वाढवून आपली कातडी आहे त्याहून काळी करतात. मुद्दाम. डोळे तेवढे पांढरेशुभ्र, थेट आपल्याकडे लागलेले. त्याआधी 2006 पासून त्यांनी आपल्या देशातल्या काळ्या समलिंगी बायकांचे आणि ट्रान्स माणसांचे शेकडो चेहरे टिपले. ज्यांना मारहाण होते, ज्यांचे खून पडतात, त्यांचा चेहरा तरी जगापुढे राहावा म्हणून. आणि आमच्याकडे? मेलेल्या बाईलासुद्धा तिच्या रंगात राहू देत नाहीत.

हो, माहितीये, कुणीतरी लिहीलच की मुहोलीही फोटो बदलतातच. बदलतात. पण एक जण 'हे बघा' म्हणून बदलतो आणि दुसरा 'हे दिसायला नको' म्हणून. तेवढं तर कळतं ना आपल्याला?

पोराचा दोष नाही, हेही मान्य. गिऱ्हाईक रोज तेच मागतं. मी ओरडले तेव्हा बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. ओरडायला नको होतं.

आणि आता खरं सांगते, ते लिहू की नको असं मघापासून चाललंय. हा फोटो काढायला आईला मीच नेलं होतं. कामावरून आल्यावर तिनं तोंड धुतलं, पावडर लावली, पदर सारखा केला. स्टुलावर बसली आणि फोटोवाल्याला हळूच म्हणाली, "जरा उजळ येऊ द्या हो दादा." मी तेव्हा कॉलेजात होते, मला लाज वाटली. तिची की माझी, आठवत नाही. तो हसला, दिवा थोडा जवळ ओढला. आईनं मान ताठ केली.

गोंदण झाकून घ्या असं मात्र ती म्हणाली नव्हती.

फ्रेम परत दिलीये. दीडशे रुपये जास्त लागतील म्हणाला, दिले. आत्ता पोराचा व्हॉट्सॅप आला, "ताई ठिपके किती होते नक्की?" लिहिलं, कपाळावर तीन, हनुवटीवर एक, हिरवट.

त्यावर त्यानं विचारलंय, "आणि रंग किती डार्क ठेवू?"

अर्धा तास झाला, अजून उत्तर पाठवलेलं नाही.