गोळीतला चुना आणि मोबाइलातला डाक्टर

मोठ्या आईनं अठरा दिवसांपासून शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या, कोणाला न सांगता. उपकेंद्रातल्या मॅडमनी बोट टोचलं तर मशीनवर ३४२. घरी येऊन शोधलं तर पट्ट्या तिखटाच्या डब्यामागे, जशाच्या तशा. "काहून बंद केल्या?" तर म्हणे, "त्यानं हार्ट खराब होते बाप्पा. मोबाइलात डाक्टरच सांगते."

तो डाक्टर मग मीही ऐकला. नाव नाही, गाव नाही, नुसता आवाज. त्याचं म्हणणं असं: मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीत चुना असतो, तो विरघळत नाही, हृदयाच्या नळ्यांत जमतो. छाती धडधडते हा त्याचाच पुरावा. परदेशात या गोळ्यांवर बंदी आहे, कंपन्या दडवतात. तेव्हा गोळ्या सोडा, जांभळाच्या बियांची पूड घ्या.

चुन्यापासून सुरू करतो, कारण मोठ्या आईला तेच पटलं. "पाह्यलं ना म्या, गोळी जशीच्या तशी पडते." पडते, खरं आहे. तिची गोळी 'एसआर', म्हणजे औषध हळूहळू सोडणारी. औषध पोटात झिरपून जातं आणि कधीकधी रिकामं टरफल तेवढं संडासवाटे पडतं, दाणे काढलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखं. आता जे बाहेर पडलं तेच हृदयाच्या नळीत कसं जमेल, हे त्या आवाजानंच सांगावं! रक्तात गेलेलं मेटफॉर्मिन तर लघवीवाटे निघून जातं. म्हणूनच किडनी फार खराब असेल तर डॉक्टर ते देत नाहीत.

आणि हृदयाचं विचाराल तर उलटंच आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली यूकेपीडीएस नावाचा अभ्यास सुरू झाला, वीस वर्षं चालला. १९९८ साली निकाल छापून आले. वजन जास्त असलेल्या ज्या रुग्णांना मेटफॉर्मिन दिलं, त्यांच्यात मुख्यतः पथ्यावर ठेवलेल्यांपेक्षा हार्ट अटॅक ३९ टक्क्यांनी कमी. हा गट ७५३ जणांचाच होता, फार मोठा नव्हे, हे मान्य. पण अभ्यास संपल्यावर आणखी दहा वर्षं लक्ष ठेवलं, तरी फायदा टिकून होता.

धडधडीचं मात्र नीट ऐका, इथंच माणूस फसतो. मोठ्या आईला ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी दुसरी गोळीही आहे. ती सकाळी गोळी घेते, नुसता चहा पिते आणि कापूस वेचायला जाते. शिदोरी सोडायला बारा वाजतात. मग हातपाय कापतात, घाम सुटतो, छाती धडधडते. ही शुगर फार खाली उतरल्याची लक्षणं आहेत. तेव्हा लगेच साखर किंवा गूळ खायचा, आणि नंतर डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ नाहीतर मात्रा बदलून घ्यायची. तिनं सगळ्याच बंद केल्या.

बंदीच्या गोष्टीत अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. रोझिग्लिटाझोन नावाच्या शुगरच्याच गोळीनं हार्ट अटॅक वाढतात असा संशय २००७ साली उघड झाला आणि २०१० साली भारतानं तिच्यावर बंदी घातली. पण ती गोळी वेगळी. तिची बहीण पियोग्लिटाझोन अजून मिळते. ती चालू असताना पाय सुजले, धाप लागली तर डॉक्टरांना दाखवाच. त्या भानगडीनंतरच, २००८ पासून, अमेरिकेत शुगरच्या नव्या औषधांची हृदयावरची चाचणी मागू लागले. त्यातूनच २०१५ साली कळलं की आधीच हृदयविकार असलेल्या शुगरच्या रुग्णांत एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळीनं हृदयामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. भारतात तिचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं, भावही उतरले.

कंपन्या दडवतात म्हणे. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या मेटफॉर्मिनमध्ये दडवून कमावणार काय?

राहिली जांभळाची पूड. मोठी आई आता डॉक्टरांना विचारून दोन्ही घेते. परवा मशीनवर १७८ आली. श्रेय पुडीला.