टॉपर पुढे ढेपाळतात म्हणे!

दहावीचा निकाल लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड हमखास पडतो. मार्कांचा पुढच्या शिक्षणाशी काडीचा संबंध नाही, टॉपर कॉलेजात ढेपाळतात, मार्क म्हणजे नुसती घोकंपट्टी, आणि बिल गेट्सने तर कॉलेजच सोडलं! कमी मार्क पडलेल्या पोराला धीर द्या की, पण थापा कशाला?

काडीचा संबंध नाही म्हणता, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जवळजवळ ८०,००० विद्यार्थ्यांचा अभ्यास २००७ मध्ये आला होता. त्यात कॉलेजच्या चौथ्या वर्षापर्यंतच्या ग्रेडचा अंदाज सॅटपेक्षा, म्हणजे तिकडच्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेपेक्षा, शाळेच्या ग्रेडवरून जास्त बरा येत होता. आता तिकडचे ग्रेड म्हणजे काही वर्षांचं वर्गातलं काम आणि आपल्याकडे जवळजवळ सगळा भार फेब्रुवारी-मार्चच्या पेपरांवर, त्यामुळे ते जसंच्या तसं इकडे चिकटवू नका, पण संबंधच नाही हे कुठून काढलं?

टॉपर ढेपाळतात हे तर सगळ्यात फसवं. माटुंग्याच्या नावाजलेल्या कॉलेजात सायन्सला शिरलेले बहुतेक सगळे नव्वदीच्या वरचे, त्यांच्यातही कोणीतरी शेवटचा येणारच ना, आणि तो ९३ वाला असेल की ९५ वाला हे दहावीवरून नाही सांगता येत. कबड्डीच्या टीममध्ये सगळेच तगडे असतात म्हणून कबड्डीला ताकद लागत नाही असं म्हणणार का? आणि काही जण खरंच घसरतात, पण कारण वेगळं असतं. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी, मराठी मीडियम, दहावीला नव्वदच्या पुढे, अकरावीला फिजिक्सचं इंग्रजी लेक्चर देवनागरीत उतरवून घ्यायची आणि घरी येऊन डिक्शनरी घेऊन बसायची, पहिल्या युनिट टेस्टला जेमतेम पास. तिला काय ढ म्हणायचं?

घोकंपट्टीचं अर्धं मान्य, आणि त्यात मार्कांची खैरातही धरा. २०१९ ला भाषांचे अंतर्गत मार्क काढले, पॅटर्न बदलला आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून थेट ७७.१० वर, पुढच्या वर्षी अंतर्गत मार्क परत आले तर ९५.३०, आणि २०२१ ला परीक्षाच नाही तर ९९.९५! म्हणून दादाचे ८८ आणि धाकटीचे ८८ एका तागडीत घालू नका. पण एकाच बॅचमधले ८८ आणि ५२ सारखेच, असं यातून निघत नाही.

राहिले गेट्स. त्यांनी सोडलं ते हार्वर्ड हो, १९७३ ला ॲडमिशन मिळवून. इथे अकरावीच्या तिसऱ्या राऊंडला तरी कॉलेज लागतंय का म्हणून लोक रात्रभर पोर्टल रिफ्रेश करत बसलेत.