पाचव्यांदा सांगताना

"मी आधी सांगितलं ते चुकलं होतं का?"

लैंगिक अत्याचाराच्या एका प्रकरणात मुलीच्या सोबतीला बसायचं काम माझ्याकडे होतं. ती नऊ वर्षांची. झालेला प्रकार तिने आधी आईला सांगितला होता, मग शिक्षिकेला, मग पोलिसांना, मग डॉक्टरांना. पाचव्या माणसाने वही उघडून "हं, सांग बाळा, काय झालं?" म्हटल्यावर ती माझ्याकडे वळली आणि तिने हा प्रश्न विचारला. बरीच वर्षं झाली, पण तो प्रश्न मला अजून सोडत नाही.

तिचा तर्क अगदी सरळ होता. वर्गात बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की पहिलं उत्तर चुकलं, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. चौकशीच्या खोलीतही मूल हीच समज घेऊन येतं. मग ते उत्तर थोडं बदलतं, समोरच्याला काय हवं असेल याचा अंदाज बांधून काहीतरी जोडतं, नाहीतर गप्प होतं. कागदावर त्याची नोंद होते 'जबाबात विसंगती' अशी. पुढे सुनावणीत त्याच विसंगतीवर बोट ठेवून मुलाला खोटं ठरवलं जातं. ती विसंगती आपल्या विचारण्यातून आलेली असते, हे त्या वेळी कुणी बोलत नाही.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर झाला. आज १९६ पक्ष त्याला बांधील आहेत. अमेरिकेने १९९५ साली सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही. कराराचं कलम १९ मुलाला हिंसेपासून संरक्षण देतं आणि कलम १२ त्याला आपलं म्हणणं मांडायचा हक्क देतं, न्यायालयीन आणि प्रशासकीय कामकाजातसुद्धा. माझी तक्रार अशी की मुलांना वाचवायला निघालेल्या यंत्रणा कलम १९ पाठ करतात आणि कलम १२ म्हणजे 'मुलाचा जबाब घेतला' एवढंच समजतात. जबाब यंत्रणेला हवा असतो. ऐकून घेतलं जाणं हा मुलाचा हक्क आहे, त्यात न बोलण्याची मुभाही आली. कराराच्या समितीने २००९ साली या कलमाचा अर्थ उलगडून सांगितला, तेव्हा मुलाची गरजेपेक्षा जास्त वेळा विचारपूस करू नये, विशेषतः त्याला इजा करणाऱ्या घटनांबद्दल, हेही स्पष्ट लिहिलं.

हे जमतं का? आइसलँडने १९९८ साली करून दाखवलं. तिथे 'बार्नाहुस' म्हणजे मुलांचं घर सुरू झालं. नावाप्रमाणे ते घरासारखंच असतं. मूल एका खोलीत एकाच माणसाशी बोलतं आणि त्या माणसाने मुलांशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण घेतलेलं असतं. न्यायाधीश, पोलीस, सरकारी वकील, आरोपीचा वकील आणि बालसंरक्षण अधिकारी शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर ते पाहतात. कुणाला काही विचारायचं असेल तर त्या एका माणसामार्फतच. सगळं ध्वनिचित्रमुद्रित होतं आणि तोच पुरावा न्यायालयात चालतो. वैद्यकीय तपासणी आणि पुढचे मानसोपचार त्याच छपराखाली. मुलाने दारोदार फिरायचं नाही, मोठ्यांनी त्याच्याकडे यायचं. पुढे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कनेही हाच मार्ग घेतला.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो: आरोपीला साक्ष तपासून पाहायचा हक्क नाही का? आहे, आणि राहिलाच पाहिजे. मुलांना चुकीच्या पद्धतीने विचारलं तर निरपराध माणसंही भरडली जातात. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या एका बालवाडीवर आरोप झाले. लहान मुलांना सूचक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. खटला १९९०पर्यंत रेंगाळला आणि एकही आरोपी दोषी ठरला नाही. त्या माणसांच्या आयुष्याची धूळधाण झाली आणि त्या मुलांच्या वाट्याला काय आलं हा प्रश्न उरलाच. म्हणून "त्याने तुला इथे हात लावला का?" असं विचारायचं नसतं. "जे झालं ते सगळं मला सांग" म्हणायचं आणि थांबायचं. थांबणं फार अवघड असतं. मुलाच्या दोन वाक्यांमधली शांतता मोठ्या माणसाला सहन होत नाही. प्रशिक्षण लागतं ते बहुतेक तेवढ्यासाठीच. चांगली मुलाखत मुलाचं रक्षण करते आणि आरोपीचंही, कारण त्याच्या वकिलाला ती शब्द न् शब्द पाहता येते.

नुसता कायदा करून भागत नाही, याचं उदाहरण इंग्लंडचं. तिथे उलटतपासणी आधीच मुद्रित करून ठेवायची तरतूद १९९९च्या कायद्यात आली. म्हणजे मुलाला खटला उभा राहीपर्यंत ती आठवण ताजी ठेवत बसावं लागणार नाही. तिची पहिली चाचणी तीन न्यायालयांत सुरू व्हायला २०१३चा डिसेंबर उजाडला. चौदा वर्षं! कायदा झाला त्या वर्षी चार वर्षांचं असलेलं मूल तोवर सज्ञान झालं.

म्हणून कुठलंही सरकार बालसंरक्षणाचं नवं धोरण जाहीर करतं, तेव्हा शिक्षेची वर्षं किती वाढवली हे मी नंतर वाचते. आधी शोधते ते हे: मुलाला किती जणांना सांगावं लागेल? प्रशिक्षित माणसाचा पगार कुठल्या खात्यातून निघणार? ती खोली कुठे असेल? बहुतेक वेळा याचा उल्लेखच सापडत नाही, आणि तिथेच मला चीड येते. कडक शिक्षेची घोषणा करायला पैसा लागत नाही, खोली बांधायला लागतो.

त्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, "नाही गं, तुझं पहिल्यांदाच बरोबर होतं." मग तिने पाचव्यांदा सगळं सांगितलं. बाहेर पडताना तिने विचारलं, "त्या काकांनी लिहून घेतलं, ते आता कोण वाचणार?" मला उत्तर देता आलं नाही. मलाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं.